पायाच्या रक्तवाहिन्यांचे विकार : वेळीच निदान झाल्यास पाय वाचू शकतो

चालताना पोटरीत गोळा येतो, दोन-चार मिनिटे उभे राहिले की वेदना ओसरते आणि पुन्हा तेवढेच अंतर चालले की ती परत उद्भवते. वयोमान, संधिवात किंवा थकवा असे समजून या तक्रारीकडे अनेकदा दुर्लक्ष केले जाते. प्रत्यक्षात पायाकडे रक्त नेणारी धमनी अरुंद झाल्याची ती पहिली खूण असू शकते. या टप्प्यावर निदान झाले, तर बहुसंख्य रुग्णांना औषधे, नियमित चालणे आणि तंबाखूचा त्याग एवढ्यानेच दिलासा मिळतो. निदान लांबले, तर काही रुग्णांत न भरणारी जखम, कोथ म्हणजेच गँगरीन आणि अखेरीस पाय कापण्याचा प्रसंग ओढवतो.

हृदयविकाराच्या झटक्याविषयी समाजात बरीच जागरूकता निर्माण झाली आहे. मात्र हृदयाच्या धमन्या ज्या कारणाने अरुंद होतात, त्याच कारणाने पायाच्या धमन्याही अरुंद होतात, ही बाब अजून तितकीशी परिचित नाही. पायाच्या धमनीविकाराचे प्राथमिक निदान करण्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. अनुभवी हाताची बोटे, रक्तदाब मोजण्याचा पट्टा आणि हातात मावणारे डॉप्लर यंत्र एवढ्या साधनांवर हे निदान होऊ शकते.

विकार कसा जडतो

निरोगी धमनीचे अस्तर गुळगुळीत असते. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे या अस्तराला इजा पोहोचते. तेथे मेद, दाहक पेशी आणि कालांतराने कॅल्शियम साचून थर तयार होतो. ही प्रक्रिया अनेक वर्षे चालते आणि तोपर्यंत रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही.

विश्रांतीच्या वेळी स्नायूंना थोडेच रक्त पुरते, चालताना मात्र त्यांची गरज कितीतरी पटींनी वाढते. अरुंद धमनी ही वाढीव गरज भागवू शकत नाही आणि स्नायू दुखू लागतात. वेदनेच्या जागेवरून अडथळा कोठे असावा, याचा अंदाज बांधता येतो. मांडीतील धमनी अरुंद झाल्यास पोटरी दुखते, तर ओटीपोटातील धमनीत अडथळा असल्यास नितंब आणि मांडी दुखते.

कण्यातील मज्जातंतू दबल्यामुळेही चालताना पाय दुखतात. त्या वेदनेत रुग्णाला बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर आराम पडतो. धमनीविकारात नुसते उभे राहिले तरी वेदना थांबते. हा फरक रुग्णाने नेमकेपणाने सांगितला, तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

विकार वाढत गेल्यास विश्रांतीच्या वेळीही पाऊल दुखू लागते. ही वेदना विशेषतः रात्री वाढते आणि खाटेवरून पाय खाली सोडल्यावर कमी होते, कारण त्या स्थितीत गुरुत्वाकर्षणामुळे पावलाकडे थोडे अधिक रक्त पोहोचते. अनेक रुग्ण रात्र-रात्र पाय लोंबकळत ठेवून बसतात. त्यानंतरच्या टप्प्यात बोटांवर किंवा टाचेवर जखम होते आणि ती भरून येत नाही. रात्रीची वेदना आणि न भरणारी जखम ही दोन्ही लक्षणे पाय धोक्यात आल्याची असून त्यांवर उपचार लांबणीवर टाकता येत नाहीत.

पायाच्या धमन्या अरुंद असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्याही अनेकदा बाधित असतात. त्यामुळे अशा रुग्णांना पाय गमावण्यापेक्षाही हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका अधिक असतो. पायाच्या तपासणीतून संपूर्ण रक्ताभिसरण संस्थेची अवस्था समजते, असे म्हणता येईल.

मधुमेहात धोका अधिक

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. या रुग्णांत पायाचा विकार अनेकदा लपून राहतो, याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण म्हणजे मधुमेहामुळे पायाच्या मज्जातंतूंची संवेदना कमी होते. त्यामुळे धमनी अरुंद होऊनही वेदना जाणवत नाही. चपलेचा अंगठा घासून झालेली जखम, रुतलेला खडा किंवा गरम फरशीचा चटका रुग्णाच्या लक्षातही येत नाही. दुसरे कारण असे की, मधुमेहात बहुधा गुडघ्याखालील लहान धमन्या बाधित होतात आणि त्यांवरील उपचार अधिक अवघड असतात. तिसरे म्हणजे रक्तातील साखर वाढलेली असताना जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो. संवेदना नाही, रक्तपुरवठा अपुरा आणि जंतुसंसर्ग तीव्र, अशा तिहेरी संकटात एखादी किरकोळ जखम काही दिवसांत पावलाला धोका निर्माण करू शकते.

बिडी आणि तरुण वयातील विकार

धमन्यांचा विकार केवळ वृद्धांना होतो, हा समज बरोबर नाही. ऑस्ट्रियातील शल्यविशारद फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी १८७९ मध्ये आणि न्यूयॉर्क येथील लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये एका वेगळ्या विकाराचे वर्णन केले. बर्गर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार प्रामुख्याने तरुण धूम्रपान करणाऱ्यांना होतो. त्यात मेदाचा थर साचत नाही. हातापायांच्या लहान व मध्यम धमन्यांना आणि शिरांना दाह होऊन त्या गुठळ्यांनी बंद होतात. भारतात बिडी ओढणाऱ्या श्रमजीवी पुरुषांत तो दीर्घकाळ आढळत आला आहे. कुटुंबातील कर्त्या पुरुषाची बोटे किंवा पाय ऐन उमेदीत गमावले गेल्याने या विकाराचे सामाजिक परिणामही गंभीर असतात.

बर्गर विकारात धमन्या अगदी टोकाकडे बंद होत असल्याने बायपास जोडण्यास अनेकदा जागाच उरत नाही. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच त्यावरील सर्वांत परिणामकारक उपाय ठरला आहे. ज्या रुग्णांनी कोथ होण्यापूर्वी तंबाखू कायमचा सोडला, त्यांच्यापैकी बहुतेकांचे अवयव वाचतात. दिवसाकाठी एखादी बिडी चालू ठेवली, तरी विकार पुढे सरकत राहतो. तंबाखू चघळणे हा देखील सुरक्षित पर्याय नाही.

२०१६-१७ मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या २८.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. बिडी ओढणाऱ्यांचे प्रमाण ७.७ टक्के होते. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.

तरुण स्त्रियांत आढळणारा ताकायासू विकारही उल्लेखनीय आहे. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकारात महाधमनी आणि तिच्या मुख्य शाखांना दाह होतो. मनगटातील नाडी न लागणे, दोन्ही हातांतील रक्तदाबात मोठी तफावत असणे किंवा कमी वयात रक्तदाब फार वाढणे ही त्याची चिन्हे होत. त्यावर प्रथम दाह आटोक्यात आणणारी औषधे दिली जातात.

निदानाची साधी पद्धत

निदानाची सुरुवात नाडी पाहण्यापासून होते. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतील घोट्याच्या मागे अशा दोन ठिकाणी पावलाची नाडी लागते. ती न लागल्यास किंवा क्षीण लागल्यास पुढील तपासणी आवश्यक ठरते. पाय थंड पडणे, त्वचा चकचकीत व पातळ होणे, नडगीवरील केस झडणे आणि नखे जाड होणे या खुणाही पाहिल्या जातात.

दुसरी पायरी म्हणजे घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची तुलना. रुग्णाला काही मिनिटे आडवे झोपवून डॉप्लर यंत्राच्या साहाय्याने दोन्ही दंडांतील आणि दोन्ही घोट्यांजवळील वरचा दाब मोजतात. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागले की गुणोत्तर मिळते. उदाहरणार्थ, दंडातील दाब १४० आणि घोट्याजवळील दाब ८४ असल्यास गुणोत्तर ०.६ येते. निरोगी व्यक्तीत ते १ ते १.४ या दरम्यान असते. ०.९ किंवा त्याहून कमी गुणोत्तर धमनीविकार दर्शविते आणि ०.४ च्या खाली ते गेल्यास विकार तीव्र समजला जातो. ही तपासणी वेदनारहित असून १०-१५ मिनिटांत पूर्ण होते.

मात्र, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या रुग्णांत धमन्यांच्या भिंती कॅल्शियममुळे इतक्या कडक होतात की, पट्ट्याने त्या दाबल्याच जात नाहीत. परिणामी गुणोत्तर १.४ च्या वर जाते किंवा फसवे प्राकृत दिसते. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातील दाब मोजावा लागतो, कारण तेथील लहान धमन्या सहसा कडक होत नाहीत. मधुमेही रुग्णाला जखम असेल, तर केवळ घोट्याच्या आकड्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते.

अडथळ्याची नेमकी जागा रंगीत डॉप्लर सोनोग्राफीने कळते. शस्त्रक्रिया किंवा फुग्याचा उपचार करावयाचा असल्यास सी. टी. अँजिओग्राफी केली जाते. तिच्यात वापरले जाणारे द्रव्य मूत्रपिंडावर परिणाम करू शकते, त्यामुळे तत्पूर्वी क्रिएटिनिनची तपासणी करतात. धमनीत द्रव्य सोडून क्ष-किरण चित्र घेण्याच्या तंत्राचा पाया पोर्तुगालमधील लिस्बन येथे घातला गेला. एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या आणि रेनाल्डो दोस सांतोस यांनी १९२९ मध्ये महाधमनीच्या अशा चित्रणाची पद्धत विकसित केली.

काही तासांचा प्रश्न

काही वेळा धमनी हळूहळू अरुंद न होता अचानक बंद होते. हृदयात तयार झालेली गुठळी रक्ताबरोबर वाहत येऊन पायाच्या धमनीत अडकते. हृदयाची लय अनियमित असलेल्या रुग्णांत, तसेच संधिवाताच्या तापामुळे झडप आकुंचित झालेल्या रुग्णांत हा धोका असतो. आधीच अरुंद असलेल्या धमनीतही गुठळी होऊ शकते.

पाय एकाएकी तीव्रतेने दुखू लागणे, पांढरा फटफटीत व थंडगार पडणे, मुंग्या येऊन बधिर होणे आणि बोटे हलवता न येणे ही त्याची लक्षणे आहेत. रक्तपुरवठा पूर्णपणे खंडित झाल्यास सुमारे ६ तासांनंतर स्नायू आणि मज्जातंतूंची कायमची हानी होऊ लागते. म्हणून अशा रुग्णाला रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात तत्काळ हलविणे आवश्यक असते. तेल लावून चोळणे, शेक देणे किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे यांत मोलाचा वेळ वाया जातो. बधिर पायाला शेक दिल्यास भाजण्याचाही धोका असतो.

अमेरिकेतील डॉ. थॉमस फोगार्टी यांनी टोकाशी लहान फुगा असलेली नळी तयार केली आणि १९६३ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. ही नळी गुठळीच्या पलीकडे नेऊन फुगा फुगवतात आणि मागे ओढून गुठळी बाहेर काढतात. जांघेतील लहानशा छेदातून, बहुधा केवळ त्या जागी भूल देऊन, ही शस्त्रक्रिया करता येते. आजही हे तंत्र प्रचलित आहे. गुठळी विरघळविणारे औषध थेट धमनीत सोडण्याचा पर्यायही निवडक रुग्णांत वापरला जातो.

उपचार : चालण्यापासून बायपासपर्यंत

केवळ चालताना वेदना होणाऱ्या रुग्णांत पहिला उपचार शस्त्रक्रिया नसून चालणे हाच असतो. वेदना मध्यम होईपर्यंत चालावे, थांबावे, वेदना गेली की पुन्हा चालावे, अशा रीतीने ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान ३ दिवस, निदान १२ आठवडे हा व्यायाम करावा लागतो. या काळात स्नायू उपलब्ध प्राणवायूचा अधिक कार्यक्षमतेने वापर करू लागतात आणि वेदनेविना चालता येणारे अंतर वाढते. पायाला जखम असल्यास किंवा बसल्या जागी वेदना होत असल्यास मात्र हा व्यायाम लागू पडत नाही.

त्याबरोबर कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे, अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, तसेच रक्तदाब व साखर यांचे नियंत्रण आवश्यक असते. सिलोस्टॅझॉल या औषधाने चालण्याचे अंतर वाढू शकते, पण हृदयाची कार्यक्षमता मंदावलेल्या रुग्णांना ते देत नाहीत. अॅस्पिरिनसोबत रिव्हरॉक्सॅबॅन हे गुठळीविरोधी औषध अल्प मात्रेत दिल्यास पायाला असणारा धोका कमी होतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून दिसून आले. त्यामुळे रक्तस्रावाची शक्यता वाढत असल्याने हा निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो.

पाय धोक्यात आला असेल, तर रक्तप्रवाह पुन्हा सुरू करणे हाच मुख्य उपाय ठरतो. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे एका ८२ वर्षांच्या महिलेला पायाच्या बोटांना झालेल्या कोथामुळे पाय कापण्याचा सल्ला देण्यात आला होता. तिने त्यास नकार दिला. क्ष-किरणतज्ज्ञ चार्ल्स डॉटर यांनी तिच्या मांडीतील अरुंद धमनीतून क्रमाक्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून मार्ग रुंद केला. पाय उबदार झाला, जखमा भरल्या आणि सुमारे अडीच वर्षांनी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत ती स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होती. झुरिक येथे आंद्रेआस ग्रुंत्झिग यांनी १९७४ मध्ये फुगा असलेली नळी वापरून पायाची धमनी रुंद केली आणि १९७७ मध्ये तेच तंत्र हृदयाच्या धमनीसाठी वापरले. आज सर्वपरिचित असलेल्या अँजिओप्लास्टीचा उगम अशा रीतीने पायाच्या उपचारात आहे.

दुसरा मार्ग बायपासचा. पॅरिस येथे जाँ कुनलँ यांनी १९४८ मध्ये रुग्णाच्याच पायातील लांब शीर वापरून बंद धमनीला वळसा देणारा नवा मार्ग जोडला. रुग्णाची स्वतःची शीर आजही कृत्रिम नळीपेक्षा सरस मानली जाते, विशेषतः गुडघ्याखाली.

फुगा की बायपास, या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय या अभ्यासात चांगली शीर उपलब्ध असलेल्या रुग्णांना बायपासचा अधिक लाभ झाल्याचे आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेसिल-२ या अभ्यासात मात्र गुडघ्याखालील विकारात फुग्याचा उपचार आधी केलेल्या रुग्णांची स्थिती सरस होती. त्यामुळे शिरेची गुणवत्ता, अडथळ्याची जागा, जखमेचे स्वरूप आणि रुग्णाची शस्त्रक्रिया सोसण्याची क्षमता पाहून निर्णय घेतला जातो.

जंतुसंसर्ग रक्तात पसरून जिवाला धोका निर्माण झाल्यास किंवा पाऊल पूर्णपणे निकामी झाल्यास पाय कापणे अपरिहार्य ठरते. तरीही कापावयाचा भाग किती, हे रक्तपुरवठ्यावरच अवलंबून असते. रक्तपुरवठा न सुधारता केवळ काळे पडलेले बोट काढल्यास ती जखम भरत नाही आणि काही दिवसांनी आणखी वर कापावे लागते. आधी रक्तप्रवाह सुरू करून मग बोट काढले, तर उर्वरित पाऊल वाचण्याची शक्यता वाढते. गुडघा वाचला, तर कृत्रिम पायाने चालणेही पुष्कळ सुलभ होते.

शिरांचे विकार वेगळे

पायाच्या प्रत्येक तक्रारीचे मूळ धमनीत नसते. रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांतील झडपा निकामी झाल्यास निळसर, फुगलेल्या आणि वेड्यावाकड्या शिरा दिसू लागतात. दिवसभर उभे राहणाऱ्यांना सायंकाळी पाय जड होण्याचा आणि घोट्याजवळील त्वचा काळवंडण्याचा त्रास होतो. पाय उंचावर ठेवल्यास त्यांना बरे वाटते, तर धमनीविकारात पाय उंचावल्याने वेदना वाढते.

एका पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखू लागल्यास खोलवरच्या शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, प्रसूतीनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणावर असताना हा धोका वाढतो. ही गुठळी फुप्फुसात गेल्यास मृत्यू ओढवू शकतो. डॉप्लर सोनोग्राफीने तिचे निदान होते आणि गुठळीविरोधी औषधांनी उपचार केला जातो. शिरांच्या जुन्या विकारात घट्ट वैद्यकीय मोजे उपयुक्त असतात. परंतु धमनी अरुंद असलेल्या पायावर तेच मोजे घातल्यास उरलासुरला रक्तपुरवठाही कमी होऊ शकतो. म्हणून असे मोजे वापरण्यापूर्वी पायातील रक्तप्रवाह तपासून घेणे हितावह असते.

रुग्णांनी काय करावे

पन्नाशी ओलांडलेल्या मधुमेहींनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी पायाची नाडी आणि घोटा-दंड गुणोत्तर एकदा तपासून घ्यावे. मधुमेहींनी रोज रात्री चांगल्या उजेडात तळवे आणि बोटांमधील बेचके पाहावे. वाकणे शक्य नसल्यास आरशाचा किंवा घरातील व्यक्तीचा आधार घ्यावा. कुरूप घरी ब्लेडने कापू नये, अनवाणी चालू नये आणि पायाला गरम पाण्याची पिशवी लावू नये. दोन आठवड्यांत न भरणारी जखम डॉक्टरांना दाखवावी. पाऊल काळे-निळे पडल्यास, त्यातून दुर्गंधी आल्यास किंवा ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद प्रामुख्याने मोठ्या शहरांतच उपलब्ध आहेत. मात्र नाडी पाहणे आणि दाब मोजणे ही कामे तालुक्याच्या रुग्णालयातही होऊ शकतात आणि पुढे कोणाला तातडीने पाठवायचे, हे त्यावरून ठरविता येते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. आवश्यक उपचार त्यात समाविष्ट आहे किंवा नाही, याची चौकशी संबंधित रुग्णालयातील योजनेच्या कक्षात करावी.

पाय कापण्याचा सल्ला मिळाल्यास आणि रुग्णाच्या जिवाला तत्काळ धोका नसल्यास, पायाच्या धमन्यांची तपासणी झाली आहे काय आणि रक्तपुरवठा सुधारण्याचा काही मार्ग आहे काय, हे दोन प्रश्न नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाल्यानंतरच शस्त्रक्रियेस संमती देणे रुग्णाच्या हिताचे ठरते.